परवान्यावरचे कसब

गतवर्षी मार्गशीर्षात एके सायंकाळी नाटे येथील एक ज्ञातिबांधव माझ्या ओटीवर येऊन बसले. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. संगणकाचे शिक्षण घेऊन तो अमेरिकेत नोकरीस गेलेला. ते म्हणाले, "गुरुजी, त्याची नोकरी गेली. साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर मुलूख सोडावा लागेल म्हणतो. नात तिथल्या शाळेत जाते. त्यांच्या सरकारनेच परवाना दिला होता ना? मग हे असे कसे?"

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. पुढे विचार करता ध्यानात आले की हा प्रश्न आपल्या खाडीस नवा नाही. तोच विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम आजचा नियम पाहू. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने परदेशी कुशल माणसांसाठी 'एच-१बी' नावाचा व्हिसा ठरविला. वर्षाला ६५ हजार, व तेथेच उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, अशी त्याची मर्यादा आहे. प्रथम तीन वर्षे व सामान्यतः एकूण सहा वर्षे अशी त्याची मुदत. अर्ज नोकराने करावयाचा नसतो, मालकाने करावयाचा असतो. म्हणजे परवाना माणसाच्या नावाचा असला तरी त्याचा जीव नोकरीत असतो. नोकरी सुटली की फार तर साठ दिवसांची सवलत. सप्टेंबर २०२५ मध्ये तर परदेशातून माणूस आणण्यासाठीच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलर भरण्याचा हुकूम तेथील अध्यक्षांनी काढला. हे असे आहे.

आता आपल्या यशवंतगडाच्या तटावर उभे राहून खाली पाहावे. पलीकडे जैतापूर, आणि याच खाडीने आत गेले की राजापूर. सतराव्या शतकात राजापुरास इंग्रजांची वखार होती. पुढे फ्रेंचांचीही झाली. इंग्रज आले ते आदिलशाही अमलात, व्यापाराच्या परवानगीने. परंतु १६६० साली सिद्दी जौहराने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन दारूगोळा घेऊन तेथे गेला व इंग्रजी निशाण लावून त्याने गडावर मारा केला. परवाना व्यापाराचा, काम मात्र युद्धाचे! श्रीशिवछत्रपतींनी १६६१ मध्ये राजापूर घेतले, वखार खणून काढली व इंग्रजांना कैद केले. त्यांची सुटका १६६३ मध्ये झाली. पाहुण्याने आपल्या परवान्याची मर्यादा ओलांडली म्हणजे काय होते, याचा हा धडा.

दुसरा धडा कल्याणचा. १६५९ च्या सुमारास महाराजांनी तेथे लढाऊ जहाजे बांधण्यास आरंभ केला. मोठ्या बांधणीचे कसब त्या काळी फिरंग्यांकडे होते, म्हणून रुय लैतांव व्हिएगस नावाच्या पोर्तुगीजास व त्याच्या माणसांस कामावर ठेवले. हे आरमार उद्या आपल्यावरच उठेल, अशी धास्ती पोर्तुगीज अधिकाऱ्यांस वाटली. त्यांनी आतून सूत्रे हलविली आणि ही सारी मंडळी काम अर्धे टाकून निघून गेली. परक्याच्या कसबावर सर्व भिस्त असती तर आरमार तेथेच संपले असते. पण तसे झाले नाही. १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज बसरूरच्या स्वारीवर निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर लहानमोठी सुमारे ८५ गलबते होती. १६७९ मध्ये मायनाक भंडाऱ्याने इंग्रजांच्या विरोधास न जुमानता खांदेरीस पाय रोवले. फिरंगी गेला तरी कोकणच्या सुताराचा वाकस व खलाशाची वल्ही थांबली नाहीत.

याच अनुभवातून पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी सावधगिरी सांगितली गेली. व्यापार करू द्यावा, पण समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी त्यांना जागा देऊ नये, असा तिचा आशय. येऊ नये असे अमात्य म्हणत नाहीत. कोठे व किती, हे आपण ठरवावे म्हणतात.

हे ज्यांनी ठरविले नाही त्यांचे काय झाले? महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये दबॉयन यास चाकरीस घेतले. त्याने उत्तम कवायती पलटणी उभारल्या, पण वरचे अधिकारी बहुतेक युरोपियनच राहिले. १८०३ मध्ये दौलतरावांशी युद्ध जुंपताच इंग्रजांनी आपल्या प्रजाजनांस शिंद्यांची चाकरी सोडण्याचे आवाहन केले. अनेक अधिकारी निघून गेले. सेनापती पेराँ स्वतः इंग्रजांस शरण गेला. असईस आमचे गोलंदाज तोफांपाशी मरेतो लढले, परंतु त्यांना चालविणारे आपले सरदार त्या विद्येत तयार झालेच नव्हते.

यावरून दिसते ते इतकेच की परवाना हा गरजेचा करार आहे, आपुलकीचा नव्हे. कसब उसने घेणाऱ्याने ते शिकून घ्यावे. कसब घेऊन जाणाऱ्याने आपले पाऊल परक्याच्या ओटीवर आहे, हे विसरू नये. जैतापूरच्या अणुप्रकल्पासाठी २०१० मध्ये फ्रेंच कंपनीशी करार झाला, त्यावर गावोगाव वाद झाले. तो प्रकल्प हवा की नको, हा प्रश्न येथे घेत नाही. पण फ्रेंच तंत्रज्ञ कधी या खाडीत उतरलेच, तर आपली मुले त्यांच्या हाताखाली काय शिकणार, हे आधी विचारावे लागेल.

माझ्या विद्यार्थ्यास पन्नासाव्या दिवशी दुसरी नोकरी मिळाली. वडील पेढे घेऊन आले. मी त्यांना म्हटले, "पेढे ठेवा, पण गावचे घर पाडू नका. दरसाल शाकारून ठेवा." ते हसले नाहीत. त्यांना उत्तर मिळाले होते.