औषध द्यावे कोणी?

वैद्याने लिहावे आणि परिचारिकेने द्यावे, ही विभागणी रुग्णालयात इतकी रुळली आहे की तो निसर्गनियमच वाटावा. वस्तुतः ती कायद्याने आखलेली रेषा आहे. ब्रिटनने ती १९९४ पासून हळूहळू पुसली. २००६ मध्ये तर विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना जवळजवळ सारी औषधसूची खुली झाली. तेथील बालकांच्या अतिदक्षता विभागांतही आज अशा परिचारिका आहेत.

विदर्भात मात्र हा प्रश्न रुग्णालयात नव्हे, झोपडीत उभा राहिला. पुसदजवळच्या गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे खरे. पण १९८९ मध्ये ते निघाले यवतमाळला, जिल्ह्याच्या ठिकाणी. तांड्यावरच्या तापल्या अर्भकाला तेथवर नेणार कोण? त्याच विदर्भाच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीत, हीच अडचण अधिक बिकट होती.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. १९९५ पासून ३९ गावांत त्यांनी गावच्याच, बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकवली. रडणे क्षीण होणे, अंग लुळे पडणे, दूध सोडणे अशा ठरावीक लक्षणांपैकी दोन एकत्र दिसली की जंतुसंसर्ग समजायचा. आईबाप रुग्णालयात जाण्यास तयार नसतील, तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायचे. धाडसच हे! प्रतिजैविकांचा गैरवापर होईल, हा आक्षेपही पोकळ नव्हता. परंतु १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत, तुलनेच्या गावांच्या मानाने नवजातांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेले होते.

शासनाने २०११ मध्ये ही गृहभेटीची पद्धत देशभरातील आशा कार्यकर्तींकडे सोपवली, सुई मात्र वगळून. सुई २०१४ मध्ये, विशिष्ट परिस्थितीपुरती, उपकेंद्रातल्या परिचारिका-प्रसाविकेच्या हाती आली. गडचिरोलीच्या प्रारंभापासून तोवर १९ वर्षे लोटली होती. शिवाय तिला मिळाली ती सुई, लेखणी नव्हे. औषध कोणते व केव्हा द्यायचे, हे वरून आलेल्या सूचनापत्रानेच ठरवले होते.

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने ‘सामुदायिक आरोग्य प्रदाता’ हा नवा वर्ग कल्पिला. त्याला ठरावीक औषधे स्वतंत्रपणे लिहिता येतील, पण केवळ प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांत. त्यापलीकडे, म्हणजे अतिदक्षता विभागातही, डॉक्टरच्या देखरेखीशिवाय नाही. रात्रपाळीत बालकाच्या खाटेपाशी जी जागी असते, त्या परिचारिकेचा मात्र या कलमात नावानिशी उल्लेख नाही.