तळटीप १२ : माल्कम मार्शल
१२. माल्कम मार्शल (१९५८–१९९९) : बार्बाडोसचा वेगवान गोलंदाज. ८१ कसोटींत ३७६ बळी, सरासरी २०.९४. लेखकाने त्याला ‘ताडमाड’ म्हटले आहे, ते पटत नाही; गार्नर-होल्डिंगशेजारी तो ठेंगणाच दिसे, आणि त्याचा उसळता चेंडू डोक्यावरून न जाता थेट अंगावर येई, तो बहुधा त्यामुळेच. इथला उल्लेख १९८३च्या कानपूर कसोटीचा : मार्शलच्या चेंडूने गावसकरांच्या हातातली बॅट निसटली आणि ते झेलबादही झाले. पुढच्याच वर्षी लीड्सला, डावा अंगठा मोडलेला असताना तो एका हाताने खेळला, गोम्सचे शतक होऊ दिले आणि मग प्लॅस्टरसह गोलंदाजी करत ५३ धावांत ७ बळी घेतले. कसोटी पदार्पण भारतातच, १९७८ साली बंगळूरला.