पॉलिटनेल आतून गरम का होतं?

घरच्या घरी पॉलिटनेल उभारायला फार काही लागत नाही. कमानीसारखे वाकवलेले पाइप, त्यावर ताणून बसवलेला प्लास्टिकचा कागद, कडा मातीत गाडलेल्या. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची अशी थंडी न सोसणारी पिकं आत वाढतात. पण आत ऊब का राहते? पेटच्या मुलाखतीत विचारलं तर बहुतेक जण सांगतील, ‘ऊन आत येतं, अवरक्त किरण बाहेर पडत नाहीत.’ काचघराबद्दल हे एकोणिसाव्या शतकापासून सांगितलं जातंय.

१९०९ मध्ये रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने ते तपासलं. काळ्या पुठ्ठ्याची दोन खोकी घेतली. एकावर काच, दुसऱ्यावर खनिज मिठाची पातळ लादी. काच अवरक्त किरण अडवते, मीठ जाऊ देतं. गंमत म्हणजे मिठाचं खोकंच किंचित जास्त तापलं, कारण सूर्याचे काही अवरक्त किरणही त्यातून आत शिरत होते. मग वुडने दोन्हीवर पडणारं ऊन आधी काचेतून गाळून घेतलं. (कंट्रोल म्हणतात तो हाच!) आता दोन्ही साधारण ५५ अंश सेल्सिअसला पोचली, फरक एका अंशाहूनही कमी. म्हणजे मुख्य काम तापलेली हवा कोंडून ठेवण्याचं. टिपण अगदी छोटं होतं आणि त्याच वर्षी चार्ल्स ॲबट यांनी त्यावर आक्षेपही घेतला.

पुढचा पुरावा भलत्याच ठिकाणाहून आला. १९४८ मध्ये केंटकी विद्यापीठातल्या ई. एम. एमर्ट यांनी काच महाग पडते म्हणून लाकडी सांगाड्यावर सेलोफेन लावलं. नंतर त्याची जागा पॉलिथिनने घेतली. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये आयसीआयच्या प्रयोगशाळेत योगायोगाने सापडलेलं हे प्लास्टिक. एमर्ट यांना वुडचा वाद सोडवायचा नव्हता, त्यांना स्वस्त काचघर हवं होतं. पण साधं पॉलिथिन मिठासारखंच अवरक्त किरण बऱ्यापैकी जाऊ देतं, आणि तरी त्याखाली दुपारी घामाच्या धारा लागतात!

म्हणूनच फाटलेला कोपरा किंवा उघडं दार एवढं महागात पडतं.

रात्रीचा हिशोब मात्र वेगळा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उष्णता कागदातून किरणांच्या रूपात निसटते. कधी कधी आतलं तापमान बाहेरच्यापेक्षाही खाली जातं. कागदाला आतून दव धरलं तर गळती कमी होते, कारण पाणी ते किरण शोषतं. पुढे अवरक्त किरण अडवणारे घटक मिसळलेले कागदही आले. ते परवडत नसतील तर रोपांवर आतल्या आत आणखी एक आच्छादन घालतात.