सूत, साखळी आणि स्ट्रिंग: घराच्या मापांची गोष्ट

आजचा विषय आहे घराच्या नकाशावरची मापं. ज्यांना ऐकायला वेळ नाही मिळाला, त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

पेणला रामवाडीला एसटीतून उतरा आणि एखाद्या चालू बांधकामावर डोकावा. आर्किटेक्टच्या कागदावर सगळं मिलिमीटरमध्ये. घरमालक बोलणार फुटात, "हॉल बारा बाय पंधराचा हवा." आणि फिटर सळई मागणार 'तीन सूत', 'चार सूत'. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सूत म्हणजे साधारण 10 मिलिमीटरची सळई, चार सूत म्हणजे 12 ची.

सूत म्हणजे दोराही. 'सुतार' या शब्दात तेच सूत आहे. आणि आजच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंतीच्या बाजूला मापांची जी माळ लावतात, तिला म्हणतात डायमेन्शन स्ट्रिंग. स्ट्रिंग म्हणजे पुन्हा दोराच! पण या सगळ्या दोऱ्यांना एकच प्रश्न विचारावा लागतो: माप कुठून कुठपर्यंत?

शिवकाळात जमीन मोजायला काठी ठरवली होती, पाच हात आणि पाच मुठींची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा. आता विचार करा, हात कुणाचा? उंच माणसाचा की बुटक्याचा? म्हणून तर काठी ठरवून द्यावी लागली. माप एकच असेल, तर सारा मागणारा आणि भरणारा निदान एकाच आकड्यावर भांडतील.

इंग्रज आले, तेव्हा हे प्रकरण चांगलंच अंगाशी आलं. 1820 च्या दशकाच्या शेवटी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात मोजणी करवली. त्यात चुका इतक्या, आणि सारा इतका जड, की शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून नव्याने सुरुवात केली. त्यांच्या पद्धतीची साखळी 33 फुटांची, तिचे भाग सोळा, म्हणजे सोळा आणे. 33 बाय 33 फूट, 1089 चौरस फूट, हा आपला गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. आज गुंठ्यांच्या जाहिराती स्क्रोल करताना तुम्ही त्याच साखळीचं माप वाचत असता.

जमिनीवरून आता कागदावर येऊ. 1842 मध्ये जॉन हर्शेल यांनी निळ्या छापाची पद्धत शोधली आणि पुढे 'ब्लूप्रिंट' हा शब्द जगभर गेला. हा कागद पाण्यात धुवायचा आणि वाळवायचा. वाळताना तो आकसायचा. म्हणजे कागदावर पट्टी ठेवून माप काढलं, तर ते चुकणार. म्हणून नकाशावर सूचना यायला लागली: लिहिलेलं माप पाळा, नकाशा मोजू नका. ही सूचना आजही जवळपास प्रत्येक ड्रॉइंगवर दिसते. बांधकामावर अंतिम शब्द रेषेचा नसतो, आकड्याचा असतो.

1956 च्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धत आली. नऊ इंची भिंत 230 ची झाली, साडेचार इंची 115 ची. कागद बदलला, तोंडातली भाषा मात्र फुटातच राहिली. पेणच्या गणपतीची मूर्तीही लोक फुटातच मागतात ना!

1963 मध्ये इव्हान सदरलंड यांनी स्केचपॅड दाखवलं, म्हणजे पडद्यावर थेट रेघ ओढता आली. 1982 मध्ये ऑटोकॅड बाजारात आलं. 2000 मध्ये रेव्हिट आलं. आता भिंतीवर क्लिक केलं की माप आपोआप येतं. मग ड्राफ्ट्समनला काम काय उरलं? तर माळ कशी ओवायची, ते.

साधा नियम असा. भिंतीच्या सर्वांत जवळच्या माळेत दारं-खिडक्या. मधल्या माळेत भिंती किंवा कॉलमचे मध्य. बाहेरच्या माळेत पूर्ण लांबी. माळांमध्ये अंतर सारखं, आकडा रेषेवर चढलेला नको. आणि बेरीज जुळलीच पाहिजे: 230 + 3000 + 115 + 2700 + 230 = 6275. बाहेरच्या माळेत 6250 लिहिलं असेल, तर ते 25 मिलिमीटर कुणाच्या खोलीतून कापायचे, ते गवंडी ठरवणार.

इथे एक इतिहास आजही चालू आहे. ऑटोकॅडमध्ये मोजलेल्या आकड्यावर हाताने दुसरा आकडा लिहिता येतो. रेघ एक सांगते, आकडा दुसरंच. रेव्हिट हे करू देत नाही. मापाच्या जागी दुसरा आकडा टाकायला गेलात तर नकार देतं. माप बदलायचं तर भिंत हलवा. काहींना हा हट्टीपणा वाटतो. पण प्रिंगलच्या मोजणीची गोष्ट आठवली, की तो पटतो.

तरी एक गोष्ट सॉफ्टवेअर ठरवत नाही. 3000 हे वीट ते वीट की गिलावा ते गिलावा? आतून 12 मिलिमीटरचा गिलावा दोन्ही बाजूंना धरला, तर खोली 2976 ची होते. 3000 बाय 3000 च्या खोलीत साधारण दीड चौरस फूट कमी. ओट्याची मापं आधीच घेऊन ठेवली असतील, तर दगड भिंतीला आडवा येतो. 2016 च्या रेरा कायद्यापासून फ्लॅट कार्पेट एरियावर विकला जातो, आणि त्यात बाहेरच्या भिंती धरत नाहीत, आतल्या धरतात. म्हणजे भिंतीची कड कुठे धरली, याला थेट पैशांची किंमत आली.

तुमच्यापैकी कुणी आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल शिकत असेल, किंवा घरी कुणाचं बांधकाम निघालं असेल, तर ड्रॉइंग हातात आलं की दोन गोष्टी करा. फोनच्या कॅल्क्युलेटरवर प्रत्येक माळेची बेरीज मारा. आणि विचारा, "हे माप विटेचं की गिलाव्यानंतरचं?" उत्तर मिळालं की ते तिथेच नकाशावर लिहून घ्या.

भेटू पुढच्या भागात. बेरीज जुळली नाही, तर आम्हालाही कळवा!