पुरातील निलंबित गाळाचे प्रतिमान

पुराच्या पाण्यात तळाला न टेकता वाहत जाणाऱ्या मातीच्या कणांना निलंबित गाळ म्हणतात. तो केव्हा, किती आणि कुठवर जाईल याचा गणिती अंदाज म्हणजे त्याचे प्रतिमान. वजन कणाला खाली ओढते, प्रवाहातले भोवरे वर उचलतात. ही ओढाताण हंटर राउस यांनी १९३७ मध्ये सूत्रात मांडली. मात्र हे सूत्र सर्व कणांना सारखे उपयोगी पडत नाही. ०.२ मिमी जाडीची वाळू स्थिर पाण्यात सेकंदाला साधारण दोन सेंटिमीटर खाली बसते, ०.०१ मिमीच्या कणाला मीटरभर खाली यायला सुमारे तीन तास लागतात. म्हणजे वाळू किती वाहील हे प्रवाहाच्या जोरावर ठरते, पण बारीक माती जितकी नदीत येऊन पडेल तितकी जवळपास सगळीच वाहून जाते. तिचे प्रमाण पाणलोटात सुटी माती किती शिल्लक आहे यावर ठरते. केंद्रीय जल आयोग गाळाची भरड, मध्यम व बारीक अशी वर्गवारी करतो, ०.०७५ मिमीखालचा गाळ बारीक. ही विभागणी नुसती नोंदीची सोय मानली जाते, पण प्रतिमानाचा खरा सांधा तिथेच आहे.

सर्वांत रूढ प्रतिमान म्हणजे विसर्ग (दर सेकंदाला वाहणारे पाणी) आणि गाळ यांचा घातांकी वक्र. घातांक २ असेल तर विसर्ग दुप्पट झाल्यावर गाळाचा भार चौपट होतो. पण एकाच विसर्गाला चढत्या पुरात पाणी गढूळ आणि उतरत्या पुरात बरेच निवळ, असे अनेक नद्यांत आढळते, कारण सुटी माती पहिल्या लोंढ्यातच धुऊन निघते. पावसाळ्याच्या आरंभीचा पूर आणि भाद्रपदातला तेवढाच पूर यांतही असाच फरक पडू शकतो. एका विसर्गाला एकच उत्तर देणाऱ्या वक्राला हे दाखवता येत नाही.

वर्षभराच्या बेरजेत या चुका एकमेकींना खोडतात, असा एक आक्षेप असतो. तो अर्धाच खरा आहे. लॉगरिदमवर बसवलेला वक्र भार कमीच दाखवतो, ही घट निम्म्यापर्यंत जाऊ शकते, असे रॉब फर्ग्युसन यांनी १९८६ मध्ये दाखवले. त्यावर दुरुस्तीचा गुणक आहे. पण वर धरण बांधले गेले की माती अडते आणि जुना वक्रच निकामी होतो, तिथे गुणक काय करणार? दुसरा आक्षेप वक्राच्या पर्यायांवर आहे आणि तो अधिक वजनदार आहे: पाऊस, माती, पिके, उतार सगळे घेणारी प्रतिमाने इतके चल वापरतात की ती कोणत्याही नोंदींशी जुळवता येतात. म्हणूनच मधला मार्ग बरा: वक्रात 'शिल्लक माती' हा एकच चल घालावा, जो पुरात घटतो आणि उघडिपीत पुन्हा भरतो. तो पडताळायला पाणी चढत असतानाचे नमुने लागतात. दिवसातून एकदा घेतलेल्या नमुन्यातून छोट्या नदीचा चढता पूर सहज निसटतो. गढूळपणा मोजणारी यंत्रे सतत नोंद देतात, पण कणांचा आकार बदलला की त्यांचा आकडाही बदलतो, त्यामुळे बाटलीत घेतलेल्या नमुन्यांशी त्यांचा ताळा घालत राहावे लागते.