मापी शेर, वजनी शेर

महाराष्ट्रात धान्य पूर्वी तोलण्यापेक्षा मापले जाई. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली, मण, खंडी अशी मापांची चढती रांग होती. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. खळ्यावरची रास, बलुतेदाराचे बलुते, शेजारून आणलेले उसने पीठ आणि रोजच्या भाताचे तांदूळ, सगळे याच मापांनी चाले. गूळ, तूप, मसाल्याचे जिन्नस मात्र तराजूत पडत. तिथे तोळा, छटाक, पावशेर. शेर आणि मण दोन्हीकडे होते, आणि हिशेबाची खरी अडचण तिथेच होती. मापी शेर म्हणजे ठरावीक पोकळी. तीत मावलेली ज्वारी जेवढी भरे, तेवढे पोहे भरत नसत.

शिवाय पायली गावागणिक बदलत असे. माप सपाट भरायचे की शीग लावून, हेही आधी ठरवावे लागे. ही शीग क्षुल्लक नव्हती. माप पसरट तोंडाचे असले की वरचा ढीग रुंदही होतो आणि उंचही; त्यामुळे पोकळी तेवढीच असली तरी पसरट मापात धान्य जास्त जाते. माप हलवून किंवा ठोकून भरले तर दाणे दबून आणखी मूठभर मावते. माप घालताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत होती.

वजनांना एकसारखेपणा आणण्याचा प्रयत्न इंग्रजी अमलात झाला. १८३३ मध्ये तोळा रुपयाच्या नाण्याच्या वजनाला, म्हणजे १८० ग्रेनला जोडला गेला. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅम आणि ४० शेरांचा मण सुमारे ३७.३ किलो ठरला. मुंबईचा जुना मण मात्र २८ पौंडांचा, म्हणजे १३ किलोंहूनही कमी. १९३२ मध्ये मुंबई इलाख्याने वजनमापांचा स्वतंत्र कायदा केला. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत स्वीकारली गेली आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला. धान्यही तराजूत गेले.

स्वयंपाकघर तराजूकडे गेले नाही, आणि ते योग्यच झाले. पाककृतीला प्रमाण लागते: भाताला तांदळाच्या दुप्पट पाणी, शिऱ्याला रव्याइतकीच साखर. एकाच भांड्याने सगळे घेतले तर ते भांडे केवढे, याने काही बिघडत नाही. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी रुजवले. चिपट्या-मापट्यांची जागा वाटीने घेतली.

अडचण येते ती किलोने आणलेला जिन्नस वाटीने वापरताना. २०० मिलिलिटरच्या सपाट वाटीत पाणी २०० ग्रॅम, पातळ तूप सुमारे १८०, साखर १७०, तांदूळ १६० आणि कणीक १०० ते ११० ग्रॅम मावते. कणकेचा आकडा सर्वांत बेभरवशाचा. चाळून, हलक्या हाताने भरलेली वाटी आणि डब्यात खुपसून दाबून काढलेली वाटी यांत सहज वीस-पंचवीस ग्रॅमांचा फरक पडतो. पोळीची कणीक पाणी कमी-जास्त करून सावरता येते, केकचे मिश्रण तसे सावरत नाही. म्हणून बेकरीत काटा लागतोच.

तेलाच्या बाबतीत हा प्रश्न सरकारदरबारीही गेला. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरते, पण तेल तापले की पसरते आणि तेवढ्याच वजनाला आकारमान जास्त दिसते. काही उत्पादक पिशवीवर ६० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानाचे आकारमान छापत. तसे केले की कमी ग्रॅमांतही लिटर भरतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये तापमानाचा उल्लेख वगळून आकारमानासोबत वजनही छापण्याचा आदेश दिला आणि त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत ठेवली.