दुरून दुरुस्ती आणि पासवर्डचा प्रवास

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. सहकारी संस्थेचा सर्व्हर नगरमध्ये, शाखा अकोले नि जामखेड तालुक्यांत, सॉफ्टवेअरवाला पुण्यात, ही इथली नेहमीची मांडणी. साखर कारखान्यात ऐन गळीत हंगामात वजनकाट्याचा संगणक सर्व्हरला जोडला जाईना, की उसाच्या ट्रॉल्या गेटबाहेर रस्त्यापर्यंत उभ्या राहतात. माणूस येईपर्यंत थांबणे परवडत नाही. दुरूनच सर्व्हरमध्ये शिरावे लागते, आणि त्या घाईतच सर्वोच्च अधिकाराचा पासवर्ड तारेवरून जातो. म्हणून साधनाची निवड बिघाडाआधी, शांत डोक्याने व्हायला हवी.

दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याचे जुने साधन म्हणजे टेलनेट; त्याची सुरुवात 1969 सालची. तेव्हा जाळ्यावर मोजकी संशोधन केंद्रे होती, त्यामुळे मजकूर जसाच्या तसा पाठवण्यात कुणाला धोका दिसला नाही. जाळ्यावरची पॅकेट टिपणाऱ्या वायरशार्कने टेलनेटचे सत्र पाहावे. वापरकर्त्याच्या नावातले प्रत्येक अक्षर दोनदा दिसते, कारण टाइप झालेले अक्षर सर्व्हर परत पाठवतो. पासवर्डची अक्षरे मात्र एकेकदाच येतात, कारण ती तो परत पाठवत नाही. पडद्यावर लपलेला पासवर्ड तारेवर उघडा असतो, शिवाय तो कुठून सुरू होतो तेही कळते. 2016 मध्ये मिराई या घातक प्रणालीने टेलनेट उघडे असलेले कॅमेरे आणि राउटर कंपनीने घालून दिलेल्या पासवर्डांनीच ताब्यात घेतले होते.

टेलनेटची जागा घेणारे एसएसएच जन्मले ते तारेवरच्या पासवर्डांच्या चोरीतून. 1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड टिपले गेले, तेव्हा तातू इलोनेन यांनी ते लिहिले. त्यात सारे सत्र कूटबद्ध होते, पण माझ्या मते त्याहून मोलाची गोष्ट दुसरी आहे: समोरचा सर्व्हर खरोखर आपलाच आहे याची खात्री. पहिल्या जोडणीला सर्व्हरच्या किल्लीचा ठसा पडद्यावर येतो आणि होकार विचारला जातो. बहुतेक जण न वाचता होकार देतात. मग मध्येच कुणी तोतया सर्व्हर उभा केला असेल, तर आपण त्याच्याशीच कूटबद्ध बोलत बसतो. ठसा आधीच नोंदवहीत उतरवून ठेवावा आणि फोनवर ताडून पाहावा. पुढे ठसा बदलल्याची सूचना आली, तर सर्व्हर नव्याने बसवला होता का हे विचारल्याशिवाय जुनी नोंद पुसू नये.

‘साहेब, एनीडेस्कचा नंबर सांगा,’ हे वाक्य शाखांमध्ये रोज ऐकू येते. एनीडेस्क किंवा रिमोट डेस्कटॉप कूटबद्ध असतात, तरी सुरक्षित असतीलच असे नाही. कायमचा पासवर्ड घालून ठेवलेला आणि चौघांना माहीत असलेला सर्व्हर रात्री दोन वाजता कुणी उघडला, हे नोंदीवरून ठरत नाही. रिमोट डेस्कटॉपचा 3389 क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवणे तर आणखी घातक. 2019 मध्ये ब्लूकीप हा दोष सापडला, तेव्हा पासवर्ड नसतानाही आत शिरता येत होते. हे सारे व्हीपीएनच्या आतच चालवावे. एसएसएचमध्ये प्रत्येकाची वेगळी किल्ली दिली, की कोणत्या किल्लीने किती वाजता प्रवेश झाला हे नोंदीत उमटते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार नोंदी 180 दिवस ठेवायच्या आणि नमूद प्रकारची घटना 6 तासांत कळवायची आहे. सगळे एकाच पासवर्डने शिरत असतील, तर अशा नोंदींतून माणूस सापडत नाही.

टेलनेटचा एक उपयोग अजूनही रास्त आहे. डेटाबेसचा पोर्ट उत्तर देतो की नाही, हे त्याच्या आज्ञेने क्षणात कळते आणि त्यात पासवर्ड टाकावा लागत नाही. जुन्या स्विचला टेलनेटशिवाय काहीच येत नसेल, तर त्याला वेगळ्या जाळ्यात कोंडून तिथवर एसएसएचच्या एका मधल्या यंत्रावरूनच जावे.

जे टेलनेट बंद करायला निघतात, त्यांची भीती खरी असते: एसएसएचच बिघडले तर? सेटिंग बदलताना चालू सत्र बंद करू नये. ‘एसएसएचडी -टी’ने फाइल तपासावी, सेवा पुन्हा सुरू करावी आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने शिरून पाहावे. ते जमले, की मगच पहिले सत्र सोडावे.